दोन जोड चपला आणि पाचची बोट

एक जोड आठ नंबरचा, काळा, डाव्या अंगठ्याजवळ पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके. दुसरा जोड पाच नंबरचा, जांभळा, पट्ट्यावरचे दोन खडे पडलेले. दोन्ही जोड शेजारीशेजारी. तोंडं पाण्याकडे. वर मोगऱ्याचा हार.

*

"परदेशगमनाचे प्रयोजन : कन्येस खापर पोचविणे." (हा मजकूर खोडून वर 'कौटुंबिक' असं लिहिलेलं आहे.)

*

प्रश्न ४ था. भरती-ओहोटीची कारणे सांगून सुबक आकृती काढा. (गुण ५)

*

शेजारच्या लहानीनं दोन हंडे उचलले आणि रांगेत तिसऱ्या धोंड्याच्या मागं नेऊन ठेवले. "जा तू बिनघोर," ती म्हणाली. "टँकर आला का मी बघीन."

*

"साडूभाऊ, कायबी होऊ द्या. नंबर सोडू नका." मुरबाडहून आलेला आवाजी निरोप, अठरा सेकंद, पाठीमागं कोंबडा.

*

फोनमधली बाई, बातम्या देतात तसल्या आवाजात : "वृद्ध जोडप्याच्या निधनाबद्दल आम्हांस अतीव खेद आहे."

*

यातल्या 'वृद्ध' या शब्दाबद्दल किशोर फर्डे सरांची तक्रार आजही कायम आहे. ते चोपन्न वर्षांचे आहेत. निधनाबद्दल त्यांचं तेवढं म्हणणं नाही.

सर किन्हवलीच्या पुढं एका माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवतात. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी फळ्यावर महासागर काढले, प्रवाह सोडले, भरती आणली, ओहोटी घालवली, पण स्वतः कधी बोटीत पाऊल ठेवलं नव्हतं. त्यामुळे लेकीनं थायलंडमधल्या एका बेटावरून फोन करून "बाबा, आता तरी या" म्हटलं, तेव्हा सरांना एकाच वेळी पितृप्रेम आणि विषयाचं आकर्षण अशा दोन भरत्या एकदम आल्या.

लेक अपेक्षा. त्या बेटावरच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला. दोन वर्षांत घरी आली नव्हती. तिची मागणी साधी होती. "आई, इथं सगळं मिळतं, पण तांदळाची भाकरी लोखंडी तव्यावर नुसती करपते. एक खापर आण." खापर म्हणजे भाकरीचा मातीचा तवा. सरांच्या बायकोच्या, भावनाच्या, धाकट्या बहिणीनं, सोनालीनं, ते मुरबाडच्या बाजारातून बोटानं टिचक्या मारून मारून निवडलं, गोधडीत बांधलं आणि वर ओढणी गुंडाळली. किन्हवली ते बँकॉक खापर भावनाच्या मांडीवर आलं. विमानातल्या बाईनं ते वरच्या कप्प्यात ठेवायला मागितलं, तेव्हा भावना तिच्याकडे अशी बघायला लागली, की बाई पुढच्या प्रवाशाकडे गेली.

गाडी भाड्यानं घेण्याची कल्पना मात्र सोनालीच्या नवऱ्याची, मनोजची. मनोजचं मुरबाडला पाण्याच्या जळलेल्या मोटारींची तार भरून द्यायचं दुकान आहे. तो एकदा अकरा दिवस दुबईला जाऊन आला, तेव्हापासून सगळा परदेश त्याच्या हाताखालचा आहे.

"टूरच्या बशीत खापर?" तो म्हणाला. "फुटलंच समजा. साडूभाऊ, गाडी घ्या. तिकडं पण आपल्यासारखंच डावीकडनं चालवतात. सरळ बोटीत गाडी घालायची, सरळ बेटावर काढायची. पोरीच्या दारात उतरायचं. काय इज्जत हाय ती!"

यातला 'इज्जत' हा शब्द सरांना लागला. अपेक्षाच्या हॉटेलातल्या लोकांसमोर आपण पिशव्या सांभाळत पायी येत आहोत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्यांनी ते डस्टरनं पुसलं.

परदेशात गाडी चालवायचा परवाना काढणं ही गोष्ट सोपी आहे, असं ती न काढलेले सगळे लोक सांगतात. त्याला आधी तिकीट लागतं. तिकीट काढायचं तर आधी रजा पाहिजे. रजेला ना-हरकत पत्र पाहिजे. आणि ना-हरकत पत्राच्या अर्जात प्रयोजनाचा रकाना असतो. सरांनी तिथं जे खरं ते लिहिलं. शाळेतले क्लार्क, चौधरी, यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, एप्रिल महिना. परीक्षा चालू. खापरासाठी कोण रजा देईल?"

"मग काय लिहू?"

"कोणीतरी मयत दाखवा. मयतीची रजा कोण अडवीत नाय. लांबचा चुलता असंल तर बघा."

सर ताडकन उभे राहिले. "चौधरी, अठ्ठावीस वर्षांत मी एक दिवसाची खोटी रजा घेतलेली नाही. मी घरात खोटी मयत आणणार नाही."

सगळ्या स्टाफरूमला ऐकू गेलं. ऐकू जावं असंच ते बोलले होते. मग प्रयोजन खोडून 'कौटुंबिक' केलं, आणि ती रजा एकोणीस दिवसांनी, पर्यवेक्षणाच्या चार पाळ्या बदलून, कशीबशी मिळाली.

अपेक्षाचीही रजेची तीच रड. सरांच्या रजेला जी तारीख मिळाली, ती नेमकी तिकडच्या नव्या वर्षाची. सोंगक्रान. बेटावर पाय ठेवायला जागा नसते. "बाबा, सणात आम्हाला रजाच नाही," तिनं सांगितलं. "घरात कोणी गेलं तरच देतात. पण तेरा तारखेची संध्याकाळ मी मैत्रिणीशी बदलून घेतलीये. चारनंतर मी मोकळी. तेवढीच एक संध्याकाळ हा, बाबा. चौदाला पहाटेपासून मी किचनमध्ये, आणि सोळाला तुमचं विमान."

म्हणजे दोन वर्षांनंतर एक संध्याकाळ. भावनानं त्या दिवसापासून दुसरं काही बोलायचं सोडून दिलं. "तेराला पोचाया पायजे," एवढंच. भाजी निवडताना, दळण टाकताना, टँकरच्या रांगेत हंडे ठेवताना. "तेराला पोचाया पायजे."

*

तेरा तारीख, सकाळी साडेअकरा. बोटीचा धक्का.

सरांनी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात लांब रांग ही आधारकार्डाची होती. ही तिच्यापेक्षा लांब होती, आणि हिला चाकं होती. मोटारी, पिकअप, दुचाक्या, एक बर्फाचा ट्रक, एक नवरदेवासारखी सजवलेली बस. धक्क्यावर नारिंगी जाकीट घातलेली एक बाई शिट्टी वाजवत होती आणि सगळे तिला घाबरत होते.

आणि पाणी. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर पाणी ओतत होते. बादल्यांनी, नळीनं, खेळण्यातल्या बंदुकांनी. ओळखीच्यावर, अनोळखीवर. एका आजीनं सरांच्या गाडीच्या काचेवर अख्खं घमेलं रिकामं केलं, हात जोडले, आरशाला मोगऱ्याचा हार अडकवला आणि निघून गेली.

भावना खापर पोटाशी धरून बघत राहिली. "अवो," ती अगदी हळू म्हणाली, "हे सांडतात."

"सण आहे त्यांचा."

"एप्रिल हाय." तिनं ओल्या काचेवर बोट ठेवलं. "त्या बाईनं आताच आपल्या वाडीचे दोन दिवस सांडले. आन वर नमस्कार केला."

बोट पावणेदोन तासांनी एक. एका बोटीत साठ गाड्या. सर पाच पाच फूट सरकत होते. गाडीत एसी चालू ठेवला तर पेट्रोल जायचं, बंद ठेवला तर भावना खापरासारखी तापायची. त्यांनी चालू ठेवला. मधूनमधून मनोजचा फोन.

"कुठवर आले?"

"पुढं सत्तावीस आहेत."

"मध्ये कोणाला घुसू देऊ नका. थोबाड रागीट ठेवा."

सव्वातीनची बोट भरत आली. पुढं दोन गाड्या. एक. साठावी गाडी आत गेली आणि नारिंगी बाईनं सरांच्या नाकापुढं साखळी लावली. सर रांगेत पहिले. पुढं आता फक्त साखळी, साखळीपलीकडं पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार, आणि त्याच्यापलीकडं तो समुद्र, ज्याची सुबक आकृती सर अठ्ठावीस वर्षं काढत आले होते. पुढची बोट पाचची. शेवटची. पण नंबर पहिला. साडेसहाला बेटावर. संध्याकाळ अजून बरीच शिल्लक. सरांनी समाधानानं स्टिअरिंगवर हात ठेवला, आणि पेट्रोलचा पिवळा दिवा लागला.

इथं कोणाही समंजस माणसानं दिव्याकडं दुर्लक्ष केलं असतं. सरांनी मनोजला फोन केला.

"दिवा लागला?" मनोज ओरडला. "साडूभाऊ, बोटीत एकदा बंद पडली ना, तर मागचे साठ जण तुमच्या नावानं बोंबलतील. ढकलणार कोण? वैनी? पावणेदोन तास हाईत. भरून या."

"आणि नंबर?"

मनोजला सरांची कीव आली. तो म्हणाला, "अवो, तुमी शहापूर तालुक्याचे ना? चप्पल ठिवा."

यात चूक काय, हे सरांना आजही कळत नाही. टँकरला हंडा राहतो. युरियाला धोंडा राहतो. रेशनला पिशवी राहते, दाखल्याच्या खिडकीला चप्पल राहते. माणूस चहाला जातो, शेतावर जातो, एखादा तर लग्न लावून येतो, आणि येऊन आपल्या चपलेत पाय घालतो की तो रांगेत उभाच. कोणी हलवत नाही. दुसऱ्याची चप्पल मागं सरकवणाऱ्याला गावात पोरगी देत नाहीत.

भावनानं थांबावं, हा विचार सरांनी बोलून दाखवला. भावनानं सांगितलं की साडेअकरापासून तिला जिथं जायचंय ती जागा इथं कुठंच दिसत नाही, आणि ती पंपावर असते, आणि आता आणखी बोलायला लावू नका.

सरांनी साखळीपाशी चपला काढून ठेवल्या. भावनानं खाली बघितलं, मान हलवली.

"एका जोडाला कोण विचारतो? लाथेनं उडवतील." तिनं आपल्याही काढल्या आणि शेजारी, तोंडं पाण्याकडे करून, नीट लावल्या. "दोन जोड असले का घर हाय असं वाटतं." मग आरशावरचा हार काढून वर ठेवला. टाकून दिल्यात असं कोणाला वाटू नये म्हणून.

मागच्या गाडीत एक लठ्ठ गृहस्थ छातीवर टोपी ठेवून झोपले होते. त्यांना उठवून सांगणं सरांना सभ्यपणाचं वाटलं नाही.

*

प्रश्न ५ वा. कारणे द्या. (प्रत्येकी २ गुण)

(अ) लठ्ठ गृहस्थांना जाग आली, तेव्हा त्यांनी पुढची गाडी पाहिली नाही, कारण ती नव्हती.

(आ) त्यांनी जे पाहिलं ते पाहून ते ओरडले.

(इ) नारिंगी बाईनं शिट्टी वाजवायच्या ऐवजी ती तोंडातून काढली.

*

पंपावरही रांग होती. सर अनवाणी पायानं क्लच दाबत परतले, तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि धक्क्याचं सगळं रूपच पालटलं होतं. पाणी उडवणं बंद. गाणी बंद. उतारावर पाच-पन्नास माणसं. पाण्यात दोन लहान बोटी फिरत होत्या, आणि चार तरुण कमरेला दोर बांधून बुड्या मारत होते. रांगेचा मार्ग आडवा बांबू घालून बंद केला होता, त्यामुळे सरांना गाडी पार मागं, चौऱ्याहत्तर गाड्यांच्या पाठीमागं उभी करावी लागली.

"काहीतरी दुर्घटना झालेली दिसते," सर म्हणाले. वर्गात भूकंप शिकवताना त्यांचा जो आवाज असतो, तो लागला होता.

दोघं पुढं गेली. डांबर तापलेलं, पाय पोळत होते, पण अशा वेळी स्वतःच्या पायांचा विचार करणं बरं दिसत नाही. एक मुलगी रडत होती. भावनानं खापर काखेत घेऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलली, आणि फोनमधली भाषांतर करणारी बाई मराठीत म्हणाली, "वृद्ध जोडप्याच्या निधनाबद्दल आम्हांस अतीव खेद आहे."

"दोघं पण?" भावनाचे डोळे भरले. "सणाच्या दिवशी? काय दुःख असंल गो त्या बाईला..." मग तिनं सरांकडे बघून आवाज बारीक केला. "नवरा ऐकत नसंल काय."

सरांनी हात जोडून दोन मिनिटं मौन पाळलं. मौन पाळताना त्यांनी मनात हेही म्हटलं, की आमच्या चपला कुठं गेल्या? इतक्या गर्दीत कोणी लाथाडल्या असणार. लोकांना माणसाच्या जिवाचं नाही, तिथं चपलेचं काय. असा सुसंस्कृत विचार चालू असतानाच फोन वाजला. अपेक्षा.

"बाबा?" मग नुसता हुंदका. मग, "बाबा, तुम्ही आहात?"

"आहोत की. अगं, इथं जरा उशीर होणार. एक म्हातारं जोडपं समुद्रात—"

"आई कुठंय?"

"ही काय शेजारी. रडतेय त्यांच्यासाठी."

पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा मोठा आवाज झाला. बहुधा पातेलं. मग अपेक्षाचा आवाज आला, तो मात्र रडका नव्हता. तो थेट भावनाच्या आईचा होता.

"बाबा, इथल्या सगळ्या फोनवर फोटो फिरतोय. काळ्या चपलेला पांढरे टाके आहेत. ते टाके मी घातलेत, बारावीला असताना! आईच्या चपलेचे दोन खडे गेलेत! ते जोडपं तुम्ही आहात!"

*

मयत झालेल्या माणसापुढं असल्या प्रसंगी दोन मार्ग असतात. एक, गर्दीतून मागं सरकायचं, गाडीत बसायचं आणि चपलांवर पाणी सोडायचं. इज्जत वाचते. पण मग शोध चालू राहतो, पाचची बोट सुटत नाही आणि तेरा तारखेची संध्याकाळ बुडते. दुसरा मार्ग म्हणजे पन्नास लोकांसमोर हात वर करून सांगायचं, की मी जिवंत आहे, माफ करा.

सरांनी पाण्याकडे बघितलं. एक पोरगा बुडी मारून वर आला, त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा खाली गेला. तो सरांना शोधत होता.

"चला," भावना म्हणाली. तिलाही फोनमधलं सगळं ऐकू गेलं होतं. जिल्ह्याला गेलं असतं.

"काय सांगायचं पण?"

"तुमी मास्तर ना? शिकवा त्यांना."

नारिंगी बाई टेबल मांडून बसली होती. चपला तिच्यापुढं, पारदर्शक पिशवीत, हारासकट. सरांनी तिच्यापुढं उभं राहून उजवा पाय उचलला आणि तळवा दाखवला. मग पिशवीकडं बोट. मग स्वतःकडं. बाईनं पाय पाहिला, चपला पाहिल्या, भावनाचे पाय पाहिले, काखेतलं गोधडीत गुंडाळलेलं गोल काहीतरी पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती हसत होती की रडत होती, हे सर सांगू शकत नाहीत. दोन्ही असावं.

सरांनी फोन काढला आणि खुलासा केला. "आमच्या गावी माणूस रांगेतून जातो, तेव्हा त्याच्या चपला रांगेत उभ्या राहतात." फोननं ते तिकडच्या भाषेत ऐकवलं. लोक जवळ सरकले. बाईनं काही विचारलं. फोन म्हणाला, "चपला पुढे सरकतात का?"

"हो. मागचा माणूस सरकवतो."

"मागचा माणूस विश्वासू आहे का?"

सरांनी लठ्ठ गृहस्थांकडे पाहिलं. ते टोपी पिळून पाणी काढत होते. कपड्यांसकट दोनदा समुद्रात शिरले होते, असं नंतर कळलं. "हो," सर म्हणाले. "फार."

पण शोध सुरू केला की तो कागदावर बंद करावा लागतो. फॉर्म आला. फॉर्म भरताना सरांना थोडं घरच्यासारखं वाटलं. मृतांची संख्या : दोन, खोडून शून्य. माहिती देणाराचे नाव : किशोर फर्डे. मृताशी नाते.

पेन थांबलं. नारिंगी बाईही थांबली. असा प्रसंग तिच्याही नोकरीत आला नसावा. तिनं बराच विचार करून काहीतरी सांगितलं, आणि फोन म्हणाला, "स्वतः."

सरांनी लिहिलं : स्वतः. खाली सही केली. दुसऱ्या ओळीत, पत्नी. तिथं भावनानं सही केली, तारखेसकट, कारण तारीख तिच्या डोक्यात पंधरा दिवस होती.

बाईनं पिशवीतल्या चपला परत दिल्या. मग मात्र सोडलं नाही कोणी. मेलेली माणसं परत आली होती, वर नवं वर्ष. पहिली बादली लठ्ठ गृहस्थांनी ओतली. वाकून, नमस्कार करून, मग सरळ सरांच्या डोक्यावर. मग सगळ्यांनी.

*

गाडी पंचाहत्तरावी. बोट साठांची.

सरांनी नियमाला मान देत मान खाली घातली. नियम म्हणजे नियम, चुकलो आम्ही. भावनाचं नियमाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं ओल्या ओढणीनं फोन पुसला, अपेक्षाचा फोटो काढला आणि नारिंगी बाईसमोर धरला. मग तिनं नुसतं एकदा बोटीकडे बघितलं आणि एकदा फोटोकडे.

बाईनं शिट्टी तोंडात घातली.

पुढच्या पाऊण तासात जे झालं, ते सरांनी फक्त शहापूरच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये पाहिलं होतं. प्रत्येक गाडी वीतभर पुढं. दुचाक्या गाड्यांच्या मधल्या फटीत आडव्या. बर्फाचा ट्रक कोपऱ्यात तिरका. त्या दिवशी पाचची बोट पावणेसहाला सुटली, त्र्याहत्तर चारचाक्या घेऊन. मागं राहिल्या फक्त दोन. त्या दोघांनी आपल्या गाड्या आपण होऊन बाजूला घेतल्या आणि एकानं भावनाला नारळ दिला. सरांची गाडी सगळ्यात शेवटी. तिची मागची चाकं उताराच्या फळीवर आली, तेव्हा एका कामगारानं चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारला. सर गहिवरले. चाकाखाली धोंडा ठेवणारा माणूस त्यांना इथं भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी दार उघडायला घेतलं. डावीकडं पिकअप, चार बोटं जागा. उजवीकडं बर्फाचा ट्रक, तीन बोटं. दार उघडेना. भावना आधीच पायी चढली होती. सर आत अडकले.

अशा रीतीनं भूगोलाच्या शिक्षकानं आयुष्यातला पहिला समुद्रप्रवास भाड्याच्या गाडीत, पट्टा लावून, दीड तास केला. समोर एका पिकअपचं मागचं फळकुट होतं. पिकअपमध्ये पाण्याचं पिंप आणि सहा माणसं. ती अधूनमधून सरांकडं वळत, आदरानं हात जोडत, काच खाली करा म्हणून खुणावत, आणि एक जग पाणी सरांच्या मांडीवर ओतत. सर नाही म्हणू शकत नव्हते. नमस्कार करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? वरून भावनाचं हसणं ऐकू येत होतं. तिच्याभोवती अख्खी बोट गोळा झाली होती, तिला कोणी फणस देत होतं, कोणी तिच्यासोबत फोटो काढत होतं. एकदा तिचा आवाज आला, "नाय गो, खापराला हात नको लावू!"

भरती होती की ओहोटी, हे सरांना समजलं नाही.

*

बेटावर दिवे लागले होते. अपेक्षा धक्क्यावर उभी होती, डोक्यावर स्वयंपाकघरातली टोपी तशीच. आईला तिनं असं धरलं, की मधलं खापर वाचलं हे नशीब. मग ती वडिलांकडे आली, दोन बुक्क्या मारल्या, आणि मग त्यांच्या ओल्या शर्टात तोंड खुपसून कितीतरी वेळ उभी राहिली.

"साडेसात वाजले गो," भावना म्हणाली. तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "झालीच ना संध्याकाळ. आता पाटंला तू जाशील."

"नाही जायचं," अपेक्षा म्हणाली.

"म्हणजे?"

अपेक्षानं नाक पुसलं. "तो फोटो आला तेव्हा मी खूप रडले. मॅनेजरनं पाहिलं. तिथल्या तिथं तीन दिवसांची रजा मंजूर केली."

"कसली रजा?" सरांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं.

"मयतीची."

सर ताठ झाले. डोक्यावरून पाणी गळत होतं, पण ताठ झाले. "अपेक्षा, उद्या सकाळी मी स्वतः मॅनेजरना भेटतो. खोट्या कारणावर घेतलेली रजा—"

"त्यांना माहितीये बाबा तुम्ही जिवंत आहात. सगळ्या बेटाला माहितीये. पण मंजूर झालेली रजा रद्द करायला बँकॉकच्या साहेबांची सही लागते, आणि ते सणाच्या रजेवर आहेत. सतरा तारखेपर्यंत."

"तरीही तत्त्व म्हणून—"

"मेलेल्या मानसानं बोलू नये," भावना म्हणाली, आणि खापर लेकीच्या हातात दिलं.

अपेक्षाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दाराबाहेर तिघांनी चपला काढल्या. आतून तांदळाच्या पिठाचा वास यायला लागला तरी सर बाहेरच उभे होते. त्यांनी तीन जोड पाहिले, वाकले आणि तिन्हींची समुद्राकडची तोंडं भिंतीकडे करून ठेवली.

टँकर वाडीत चौदा तारखेला आला. भावनाचे हंडे चौथे होते, आणि लहानीनं ते भरून घेतले.